‘भारतात नवीन’ ठरलेली जुनी माशी

२००६ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘पेस्टॉलॉजी’ या मासिकात दोन पानांची एक नोंद छापून आली. लिहिणारे तिघे: सीतानंतम, सेल्वराज आणि बूपती. मथळ्यातच सगळं आलं होतं. ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’ ही फळमाशी भारतात नवीन. ठिकाण तामिळनाडू. सीतानंतम यांचं ‘सन अ‍ॅग्रो बायोटेक’ संशोधन केंद्र चेन्नईच्या पश्चिम अंगाला, पोरूरला. तिथून पूनमल्लीचा हमरस्ता ओलांडून उत्तरेला गेलं की आवडी लागते. रणगाड्यांचा कारखाना आणि जानेवारी १९५५ मधलं काँग्रेसचं अधिवेशन, एवढ्यावर आवडीची ओळख बाहेरच्या माणसापुरती संपते. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तिथलाच. चेन्नईच्या या पट्ट्यातून फळमाश्यांच्या जागतिक वादात एखादा कागद दाखल होईल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नसणार.

कागद छोटा आहे, पण त्याच्या मथळ्यातला दावा छोटा नाही. ‘भारतात नवीन’ याचे दोन अर्थ होतात. माशी नव्याने आली, हा एक. माशी इथलीच होती, तिला लावायचं नाव नव्याने आलं, हा दुसरा. किडींच्या याद्या करणारे पहिला अर्थ घेतात आणि पुढे जातात. माझ्या मते या प्रकरणात दुसराच अर्थ खरा आहे. त्याचा पुरावा गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या कागदांत विखुरलेला आहे. त्यातलाही सर्वांत जुना कागद दक्षिण हिंदुस्थानच्याच किनाऱ्याकडे बोट दाखवतो.

आधी २००६ च्या लगेच मागचे कागद पाहू. २००३ च्या सुरुवातीला केनियाच्या किनारपट्टीवर एक अनोळखी फळमाशी सापडली. लक्स, कोपलंड, व्हाइट, मनराखन आणि बिल्ला या पाच जणांनी त्याच वर्षी लेख लिहून ती जाहीर केली. लेखात माशीला नाव नव्हतं. ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’च्या गटातली, पूर्व आफ्रिकेत शिरलेली एक नवी आक्रमक माशी, एवढंच त्यांनी म्हटलं. नाव दोन वर्षांनी आलं. २००५ मध्ये ‘आफ्रिकन एंटोमोलॉजी’त ऑस्ट्रेलियाचे ड्रू, जपानचे त्सुरुता आणि लंडनचे व्हाइट यांनी तिचं ‘इन्व्हेडन्स’ असं बारसं केलं. तोवर ती टांझानिया ओलांडून पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोचली होती आणि आंब्याच्या बागांमध्ये हाहाकार उडाला होता.

या लेखाचा मथळा नीट वाचण्यासारखा आहे. ‘श्रीलंका आणि आफ्रिका इथली उपद्रवी फळमाशीची एक नवी जात’ असा तो आहे. श्रीलंका आधी, आफ्रिका नंतर. कारण त्सुरुता यांनी नव्वदच्या दशकात श्रीलंकेत काम केलं होतं. कुठली फळमाशी कोणत्या फळावर वाढते याचा त्यांचा लेख १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. केनियात धरलेली माशी श्रीलंकेतल्या नमुन्यांशी जुळली. म्हणजे ज्या दिवशी या माशीला नाव मिळालं, त्याच दिवशी तिचं माहेरही कागदावर आलं. आणि श्रीलंका व तामिळनाडू यांच्यामध्ये आहे ती पाल्कची अरुंद सामुद्रधुनी. तिकडे आंबा आहे, इकडेही आंबा आहे.

योगायोगाने २००५ मध्येच अगरवाल आणि सुएयोशी यांची भारतीय फळमाश्यांची सूची ‘ओरिएंटल इन्सेक्ट्स’मध्ये आली. तिच्यात ७९ प्रजातींतल्या २४३ जाती नोंदल्या होत्या. विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी; त्याच अर्थाने हे शब्द मी इथे वापरतो. पुढच्याच वर्षी पोरूरच्या नोंदीने त्या सूचीला पुरवणी जोडली. सीतानंतम यांनी त्याआधी नैरोबीच्या ‘इसिपे’ या आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र संस्थेत काम केलं होतं, आणि आफ्रिकेतल्या या माशीचा पाठपुरावा करणारी मुख्य संस्था तीच. ज्याने तिकडचा गोंधळ जवळून पाहिला त्यालाच इकडच्या आंब्यावर तशी माशी दिसली, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. डोळ्याला जे शोधायची सवय असते तेच आधी सापडतं. यात त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. त्या वर्षी उपलब्ध असलेली वर्णनं समोर ठेवून कुणीही नीट काम केलं असतं तर हेच नाव निघालं असतं.

आता ती वर्णनं कशावर उभी होती ते बघायला हवं.

आंब्यावरची फळमाशी घरमाशीएवढी, पण दिसायला गांधीलमाशीच्या वळणाची असते. कंबर बारीक, पंख पारदर्शक, पंखाच्या पुढच्या कडेला तपकिरी रंगाची अरुंद पट्टी. छातीच्या पाठीवर दोन्ही कडांना पिवळ्या रेघा, त्यांच्या मागे पिवळा उंचवटा. पोटावर इंग्रजी ‘टी’च्या आकाराची काळी खूण. डॉर्सालिसच्या गटातल्या बहुतेक माश्यांना हे सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं. मग जात ओळखायची ती पाठीच्या रंगावरून, पोटावरची काळी खूण किती पसरली आहे यावरून, पंखाची पट्टी शिरेच्या आत राहते की बाहेर सांडते यावरून. मादी असेल तर अंडी घालायच्या सुईची लांबीही मोजतात.

यातली मेख सापळा लावणाऱ्यालाच कळते. मिथाइल युजेनॉलच्या आमिषाला फक्त नर येतात. म्हणजे सापळ्यातून ओंजळभर माश्या निघाल्या तरी सुई मोजायला त्यांत एकही मादी नसते. मादी हवी तर किडकं फळ घरी आणून वाळूच्या थरावर ठेवायचं आणि वर मलमलीचं फडकं बांधायचं. अळ्या पोसल्या की फळ सोडून वाळूत उतरतात, कोषात जातात, आणि मग माश्या बाहेर पडतात. त्या बाहेर पडल्या की लगेच मारायच्या नाहीत. काही दिवस साखरपाण्यावर जगवायच्या, कारण नुकती निघालेली माशी फिकट असते. तिचा काळा रंग हळूहळू चढतो. घाई केली तर जी पाठ चार दिवसांनी काळी झाली असती ती तांबूस म्हणून नोंदली जाते. आणि इन्व्हेडन्स व डॉर्सालिस यांच्यात फरक सांगितला होता तो मुख्यतः याच पाठीचा. डॉर्सालिसची पाठ बहुधा काळी. इन्व्हेडन्सची पाठ पूर्ण काळीपासून तांबूस तपकिरीपर्यंत काहीही. म्हणजे जिच्या पाठीत तांबूसपणा दिसेल ती इन्व्हेडन्सकडे झुकणार.

ही तांबूस पाठ घेऊन मागे चालू लागलं की आपण १७९४ मध्ये पोचतो.

योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस हा लिनियसचा शिष्य, कीलच्या विद्यापीठात प्राध्यापक. जगभरातून येणाऱ्या किड्यांना नावं देणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. हिंदुस्थानातून त्याच्याकडे येणाऱ्या किड्यांचा मोठा झरा म्हणजे तामिळ किनाऱ्यावरचं डेन्मार्कचं ठाणं, त्रांकेबार, आजचं तरंगंबाडी. १६२० मध्ये डॅनिश कंपनीने ते तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळवलं. पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली, तरी ठरलेला वार्षिक नजराणा दरबारात जात राहिला. तिथल्या मिशनऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी शिंपले, वनस्पती, किडे असं सगळं काही युरोपला धाडलं. त्यांच्यातलाच एक डॅनिश कंपनीचा लेफ्टनंट डाल्डॉर्फ. ताडाच्या झाडावर चढणारा मासा आपण १७९१ मध्ये त्रांकेबारला पाहिला, हे त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं होतं आणि त्यासाठीच तो आजही आठवला जातो. फॅब्रिशियसच्या ग्रंथांत किडे पुरवणारा म्हणून त्याचं नाव वारंवार येतं. त्याच सुमारास तंजावरचा तरुण सरफोजी आपल्या गुरूंच्या, श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली मद्रासमध्ये राहत होता. त्याला गादी मिळाली १७९८ मध्ये. निसर्गाचे नमुने जमवण्याचा नाद पुढे त्यालाही लागला. तो याच मिशनऱ्यांच्या सहवासातून आलेला आहे.

‘एंटोमोलॉजिया सिस्टेमॅटिका’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात, १७९४ मध्ये, फॅब्रिशियसने ‘ईस्ट इंडीज’मधल्या एका माशीला ‘मुस्का फेरुजिनिया’ असं नाव दिलं. लोखंडाच्या गंजाच्या रंगाची माशी. १८०५ मध्ये त्याने ‘डाकस’ ही नवी प्रजाती काढली आणि पुढे ही माशी ‘डाकस फेरुजिनियस’ म्हणून पुस्तकांत रुळली. सवाशे वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानातली आंब्याची फळमाशी म्हणजे फेरुजिनियस, हे समीकरण पक्कं होतं.

मला इथे थांबावंसं वाटतं. २००५ मध्ये तांबूस पाठीची म्हणून जी जात वेगळी काढली, तिच्या घराण्यातल्या भारतीय माशीकडे पाहून १७९४ मध्येच एका माणसाला गंज आठवला होता. तांबूसपणा ही नवलाई नव्हती. तो या माशीचा कागदावरचा पहिलाच गुण होता.

मग फेरुजिनियस हे नाव गेलं कुठे? ते कायद्याने मेलं. फॅब्रिशियसच्या आधी, १७६३ मध्ये, स्कोपोली याने कार्निओलाच्या किड्यांवरच्या ग्रंथात दुसऱ्याच एका माशीला ‘मुस्का फेरुजिनिया’ म्हटलं होतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत एकाच प्रजातीखाली एकच नाव दोनदा चालत नाही. नंतरचं कायमचं बाद. माशी पुढे कुठल्याही प्रजातीत गेली तरी बाद ते बादच. नियम कडक होऊन त्यांची अंमलबजावणी होईपर्यंत फार वर्षं गेली, म्हणून बाद नाव तोवर सुखाने नांदलं.

जागा भरली ती तैवानच्या माशीने. हान्स साउटर नावाचा जर्मन संग्राहक फोर्मोसाहून, म्हणजे तैवानहून, किड्यांच्या पेट्या युरोपला पाठवत असे. व्हिएन्नाच्या फ्रीडरिक हेंडेलने १९१२ मध्ये त्यातल्या फळमाश्यांवर लेख लिहिला आणि एकीला ‘डाकस डॉर्सालिस’ नाव दिलं. भारतातल्या माशीचं नाव बाद झाल्यावर तिला हेच नाव चिकटलं. मूळ वर्णन तैवानच्या नमुन्यांचं, आणि वापर सबंध आशियाभर. भारतातली माशी त्या वर्णनाशी थोडी कमी जुळली तर दोष माशीचा मानायचा की मापाचा?

हेंडेल व्हिएन्नात लिहीत होता त्याच काळात हिंदुस्थानातल्या माश्यांचा खरा हिशेब तुरीनमधला एक शिक्षक मांडत होता. मारिओ बेझी. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या फळमाश्यांवर त्याने १९१३ मध्ये मोठा प्रबंध लिहिला, आणि १९१६ मध्ये हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन इथल्या डाकस माश्यांवर दुसरा. पेरूवरची ‘करेक्टा’ ही जात त्याचीच. पण माझ्या दृष्टीने त्याच्या १९१६ च्या कामातली महत्त्वाची नोंद वेगळी आहे. फेरुजिनियसमध्ये रंगाचे इतके प्रकार त्याच्यासमोर आले की त्याने एकाला ‘व्हर्सिकलर’ असं पोटनाव दिलं. आज व्हर्सिकलरला स्वतंत्र जात मानतात. पण त्या वेळी बेझीला रंगाचा फरक दिसत होता आणि त्यावरून लगेच जात तोडायला त्याचं मन धजत नव्हतं, हे कागद सांगतो. हा संकोच मला शहाणपणाचा वाटतो. पुढच्या पिढ्यांनी तो सोडला.

त्याच वर्षांत बिहारमधल्या पूसाच्या कृषी संशोधन संस्थेत हॉलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ काम करत होता. त्याच्या शेजाऱ्याने डास पळवायला रुमालावर सिट्रोनेलाचं तेल शिंपडलं, आणि डास जायचे तर दूरच, फळमाश्या येऊन रुमालावर बसायला लागल्या. हॉलेटने पाहिलं तर सगळे नर. १९१२ मध्ये त्याने हे छापलं आणि १९१५ पर्यंत तेलातला नेमका पदार्थ हुडकून काढला: मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही तो असतो, म्हणून तुळशीच्या पानांचा अर्कही फळमाश्यांना ओढतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘रक्षक’ सापळा कोकणातल्या हापूसच्या बागांमधून टांगलेला दिसतो, त्यातही हेच आमिष. पण हॉलेटच्या १९१५ च्या लेखात एक बारकावा आहे जो वर्गीकरणाच्या इतिहासात दुर्लक्षित राहिला. कोणत्या जातीचा नर कोणत्या वासाला येतो, हे त्याने वेगवेगळं नोंदलं. झोनाटस मिथाइल युजेनॉलला, डायव्हर्सस आयसोयुजेनॉलला, फेरुजिनियस दोन्हींना. म्हणजे माश्या आपल्या जोडीदाराला आणि वासाला ओळखतात त्या खुणा, माणसाने भिंगाखाली मोजलेल्या खुणांपेक्षा वेगळ्या असू शकतात, हे तेव्हाच कागदावर आलं होतं.

१९४० च्या दशकात ही माशी हवाई बेटांत शिरली आणि अमेरिकेचा पैसा आणि माणसं तिच्यामागे लागली. तिथून पुढे डॉर्सालिस हे नाव सर्वत्र रूढ झालं. भारतातही जुन्या पुस्तकांतलं फेरुजिनियस खोडून डॉर्सालिस लिहिलं गेलं. १९८९ मध्ये ड्रू यांनी बॅक्ट्रोसेरा ही स्वतंत्र प्रजाती म्हणून वर काढली, तेव्हा डाकस डॉर्सालिसची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस झाली. मग १९९४ मध्ये ड्रू आणि हँकॉक यांनी आशियातल्या डॉर्सालिस गटाचा प्रबंध काढला. एकाच्या जागी ५२ जाती, त्यातल्या ४० नव्या. डॉर्सालिस आणि त्या नव्यांतली ‘पपाया’ यांच्यात भेद केला तो मुख्यतः मादीच्या सुईवरून. डॉर्सालिसची सुई १.४ ते १.६ मिलिमीटर, पपायाची १.७७ ते २.१२. मध्ये जी रिकामी जागा दिसते ती खरी आहे की कमी नमुने मोजल्याचा परिणाम, हा प्रश्न उघडा राहिला. त्याचं उत्तर मिळालं ते थायलंड-मलायाच्या द्वीपकल्पात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना माश्यांची मापं टप्प्याटप्प्याने वाढत जातात. कुठेही तुटक पायरी नाही.

२०१० नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटना आणि अणुऊर्जा संस्था यांनी या गटाचा निकाल लावायला एक संयुक्त संशोधन-प्रकल्प घेतला. व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत केनियाची इन्व्हेडन्स आणि पाकिस्तान व चीन इथली डॉर्सालिस एकाच पिंजऱ्यात सोडली. संध्याकाळ झाली की फळमाश्या जोड्या जुळवतात. या माश्यांनी आपापला गट पाहिला नाही. कुणीही कुणाशी जुळलं, आणि पिल्लंही धडधाकट निघाली. डीएनए, गुणसूत्रं, नरांच्या शरीरातले गंध, पंखांची मापं, सगळ्यांचा कौल एकच. २०१५ मध्ये शूत्झ आणि त्यांच्या मोठ्या गटाने ‘सिस्टेमॅटिक एंटोमोलॉजी’त निकाल दिला: पपाया, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हेडन्स ही तिन्ही नावं डॉर्सालिसमध्ये विलीन. याच गटातली कारंबोला मात्र वेगळीच राहिली. तिचा डॉर्सालिसशी जोडा सहजासहजी जुळत नव्हता. याला मी या निकालाचा सर्वांत भक्कम भाग मानतो. सरसकट सगळं एक करून टाकायचा हेतू असता तर कारंबोलाही गेली असती.

ड्रू यांना हे मान्य नव्हतं. २०१६ मध्ये ड्रू आणि रोमिग यांनी आग्नेय आशियातल्या फळमाश्या ओळखायचं पुस्तक काढलं आणि त्यात इन्व्हेडन्सला व पपायाला पुन्हा उभं केलं. २०१७ मध्ये शूत्झ आणि सहकाऱ्यांनी त्याला उत्तर दिलं. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच बोचरा सवाल होता: एका बाजूला अनेक शाखांचा एकत्र पुरावा, आणि दुसऱ्या बाजूला सहकाऱ्यांनी न तपासलेल्या पुस्तकातला अधिकारी माणसाचा शब्द. शास्त्रज्ञांच्या भाषेत यापेक्षा कडक बोलत नाहीत. आज व्यवहारात २०१५ चा निकाल चालतो.

आता पोरूरची ती दोन पानं पुन्हा वाचू. कुणी म्हणेल, माशी जुनीच होती कशावरून? आफ्रिकेतून फळांबरोबर परत आली नसेल कशावरून? कागदांच्या तारखा याच्या विरुद्ध जातात. श्रीलंकेतले नमुने आफ्रिकेतल्या पहिल्या सापडण्याच्या आधीचे. आफ्रिकेतली माशी आशियातून गेली हे या प्रकरणातल्या दोन्ही पक्षांना मान्य. पाल्कच्या अल्याड त्याच फळांवर त्याच गटाची तांबूस माशी १७९४ पासून नोंदलेली. म्हणून २००६ ची नोंद मी अशी वाचतो: एका वर्षाआधी छापलेलं नाव तामिळनाडूतल्या नमुन्यांना प्रथम लावलं गेलं, तो दिवस. माशीच्या आगमनाची ती तारीख नव्हे. नोंद खोटी ठरत नाही. तिचा अर्थ बदलतो, इतकंच.

हा काथ्याकूट कुणाच्या कामाचा, असं आंब्याच्या व्यापाऱ्याला विचारा. देशोदेशीच्या विलगीकरणाच्या याद्या जातीच्या नावाने चालतात. २०१३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय फळ-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्यांसारख्या किडी सापडल्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. ऐन हंगामात रत्नागिरी-देवगडच्या हापूसला त्याचा फटका बसला. बंदी उठली ती जानेवारी २०१५ मध्ये. त्याआधी जपाननेही फळमाशीच्याच कारणाने आपला आंबा वर्षानुवर्षं दारात उभा केला नव्हता. २००६ मध्ये गरम वाफेची प्रक्रिया करून तो जाऊ लागला. अमेरिकेला तो २००७ मध्ये जाऊ लागला तो लासलगावला विकिरणाची प्रक्रिया करून. एखाद्या देशाच्या यादीत एका माशीची दोन नावं असली तर दोन धोके मोजले जातात. आणि यादीतलं एक नाव ‘फक्त तामिळनाडूत’ असं लागलं तर त्या राज्याच्या फळाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. इन्व्हेडन्सच्या बाबतीत आशियातल्या मोजक्या ठिकाणांच्या यादीत श्रीलंका, भूतान आणि तामिळनाडू ही नावं कित्येक वर्षं अशीच छापली जात होती. त्याचं कारण इतकंच की बाकीच्या ठिकाणी तीच माशी डॉर्सालिस म्हणून लिहिली जात होती.

एवढ्या गदारोळात दक्षिण भारतातली एक खरोखरच वेगळी जात मात्र डॉर्सालिसच्या चिठ्ठीखाली दडून राहिली. १९७१ मध्ये कपूर यांनी भारतातल्या चार नव्या फळमाश्यांचं वर्णन केलं. त्यातली एक ‘केरियी’. तिचं नाव कुंभ्याच्या झाडावरून आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्याला कुंभा ठाऊक असतोच. पानगळीत तांबडी होणारी मोठी पानं आणि हिरवी गोल फळं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने या झाडाच्या प्रजातीला विल्यम केरीचं नाव दिलं, आणि केरी म्हणजे तोच श्रीरामपूरचा, ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला. माशीच्या नावात कपूर यांच्याकडून अक्षरं उलटसुलट झाली आणि नामकरणाच्या नियमाने ती तशीच कायम राहिली. मराठी कोशकाराचं नाव चुकीच्या शुद्धलेखनासह एका माशीला चिकटलं. केरीने हे मनावर घेतलं नसतं, असं मला उगाच वाटतं.

केरियी डॉर्सालिससारखीच दिसते, त्याच मिथाइल युजेनॉलला येते, आणि आंबा-पेरूही खाते. म्हणून दक्षिणेतल्या कितीतरी सर्वेक्षणांत ती डॉर्सालिस म्हणूनच मोजली गेली. २००८ मध्ये रमणी, डेव्हिड, विरक्तमठ आणि कुमार यांनी ‘बायोसिस्टेमॅटिका’त केरियीची ओळख आणि तिचा भारतातला आढळ यांवर लेख लिहिला. २०११ मध्ये डेव्हिड आणि रमणी यांनी द्वीपकल्पातल्या आणि अंदमान-निकोबारमधल्या फळमाश्या ओळखायची सचित्र किल्ली ‘झूटॅक्सा’त छापली. त्यानंतर बागेत काम करणाऱ्याला या दोघींना वेगळं करायचं साधन हाती आलं.

यातून २००८ च्या आधीच्या कागदांकडे पाहायची एक पद्धत निघते. मद्रास प्रांत असो, म्हैसूर असो की नंतरचं तामिळनाडू, सापळ्यातल्या संख्यांच्या तक्त्यात ‘डॉर्सालिस’ असं लिहिलं असेल तर ते ‘डॉर्सालिस किंवा केरियी’ असं वाचायचं. ‘इन्व्हेडन्स’ असेल तर डॉर्सालिस वाचायचं, आणि पाठ तांबूस होती एवढी माहिती बाजूला लिहून ठेवायची. ‘फेरुजिनियस’ असेल तर मात्र दुरुस्ती शब्दावर होत नाही. पेटीतला नमुना काढून भिंगाखाली धरावा लागतो. पूसाच्या संस्थेची इमारत १९३४ च्या भूकंपात पडली आणि संस्था दिल्लीला गेली. तिचा किड्यांचा संग्रहही तिच्याबरोबर गेला आणि आजही दिल्लीत आहे, म्हणून हॉलेटच्या काळातल्या माश्या अजून पुन्हा तपासता येतात. आवडीतल्या एखाद्या अंगणातल्या आंब्याखाली टांगलेल्या सापळ्यातून डॉर्सालिस, केरियी, झोनाटा (हॉलेटची झोनाटस) आणि करेक्टा या चारही जातींचे नर एकाच डबीत निघू शकतात. डबी रिकामी करणाऱ्याने आकडा लिहून माश्या फेकून दिल्या, तर त्या आकड्यातल्या किती कोणाच्या, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.